आर्द्रेच्या हातांना संमती कोणी दिली?

त्रेतायुग. शरद ऋतू, आश्विन शुद्ध पंचमी, दिवसाचा तिसरा प्रहर नुकताच लागलेला. स्थळ, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कृष्णेच्या काठी राजा भूरिहव्याने उभारलेला यज्ञमंडप. हजर होते ते असे: सतरा ऋत्विज, यजमान राजा, त्याची राणी, तेहतीस देव, एक मुनी, एक शमिता आणि एक सुईण. सुईणीचे नाव आर्द्रा. प्रहर लागला तेव्हा तिला दोन हात होते. प्रहर संपला तेव्हा नव्हते.

एवढे सगळ्यांना मान्य आहे. मतभेद यापुढचे आहेत. पुराणिक सांगतात, की तिने लोककल्याणासाठी आपले हात आपण होऊन दिले आणि त्या क्षणी आकाशातून पुष्पवृष्टी झाली. मंडपाबाहेर त्या वेळी अकरा माणसे समिधा फोडत होती. त्यांच्यापैकी कोणाच्याही अंगावर फूल पडले नाही.

आधी यज्ञाचे. भूरिहव्याचे सत्र बाराव्या वर्षात होते. संकल्प असा, की बारा वर्षे तुपाची धार क्षणभरही न तुटता अग्नीत पडत राहिली, तर राणी सुमेखलेच्या पुत्राला समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचे राज्य मिळेल. धार तुटली तर काहीच मिळणार नाही. पुत्र तेव्हा दोन वर्षांचा होता. संकल्प पुरा व्हायला दोन महिने उरले होते.

यज्ञात टाकलेले सगळे देवांच्या पोटात जाते. मंत्र म्हणून दिलेला हविर्भाग त्यांना नाकारता येत नाही, आणि खरे सांगायचे तर नाकारावासा वाटतही नाही. बारा वर्षे तूप, बारा वर्षे पुरोडाश, बारा वर्षे दुधात शिजवलेला चरू. ज्यांच्या जठरात प्रलयाग्नी नांदतो असे ऋषी गात आले होते, ते वसू, रुद्र आणि आदित्य मंदाग्नीने पीडित होऊन, घशाशी आलेले आंबट पाणी गिळत, सुजलेल्या गुडघ्यांवर हात टेकत, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत विमानांतून उतरू लागले; समुद्र शोषून घेणारा सूर्य घोटभर पेजेने मळमळू लागला; आणि वृत्राच्या छातीवर वज्र हाणणारा इंद्र एक ढेकर यावी म्हणून ऐरावताच्या पाठीवर पालथा पडून राहू लागला.

देवांचे वैद्य अश्विनीकुमार. नासत्य आणि दस्र अशी या जुळ्या भावांची नावे. त्यांनी चौऱ्यायशी वनस्पती वाटून पाहिल्या. गुण आला नाही, कारण वनस्पतींचा राजा सोम, म्हणजे चंद्र, आणि त्याच्या सगळ्या प्रजेच्या अंगात राजाचाच गारवा. विझलेल्या चुलीवर गार पाणी ओतून ती पेटत नाही. ऊब हवी होती. पोटाला चटका न देता पोटातली आग जागी करील अशी ऊब तिन्ही लोकांत एकाच ठिकाणी होती: आर्द्रेच्या तळहातांत.

ती तिथे कशी आली, हेही सांगायला हवे.

आर्द्रा ही कौष्ठायन मुनीची मुलगी. कौष्ठायनाचा आश्रम यज्ञमंडपापासून तीन कोसांवर होता. दाट बांबू, ओलसर तांबडी माती, वर्षातले चार महिने न थांबणारा पाऊस. एका श्रावणात झड इतकी लागली, की आश्रमातले एकही लाकूड पेटेना. कौष्ठायन तपाला बसलेला. अग्निहोत्राचा शेवटचा निखारा राख होत चालला होता. अठरा वर्षांच्या आर्द्रेने तो ओंजळीत उचलला आणि झड थांबेपर्यंत फुंकर घालत धरून ठेवला. कातडे जळाले, मांस जळाले, निखारा जगला.

अग्नी प्रसन्न होऊन म्हणाला, "कन्ये, वर माग. दीर्घायुष्य माग, रूप माग, इंद्रपद माग."

"माझे हात कधी गार पडू नयेत," ती म्हणाली.

"एवढेच?"

"पावसाळ्यात गार हाताने बाळंतिणीच्या पोटाला शिवलं, की ती दचकते. ती दचकली की पोट आवळतं. एवढंच दे."

अग्नी हसला. तो म्हणाला, "आजपासून तू माझी सखी. ज्या पोटाला तुझा हात लागेल, तिथे मी राहायला येईन."

तेव्हापासून आर्द्रेकडे रांग लागली. खोकून खोकून बरगड्या दुखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छातीवर ती तळवा ठेवी आणि कफ सुटे. आमवाताने गुडघे धरलेले धनगर काठी टेकत येत आणि काठी विसरून जात. अन्नाचा वास न सोसणाऱ्या गरोदर बाया, पोट फुगून रडणारी तान्ही पोरे, सर्दीने नाक चोंदलेले बटू. सगळ्यांना एकच औषध, तिचा हात. राणी सुमेखलेची सुटकाही तिनेच केली होती. चार दिवस अडलेली राणी आर्द्रेच्या गळ्याला मिठी मारून ओरडली होती, "बाई ग, तू माझी आईच!" हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पंचमीच्या सकाळी अश्विनीकुमारांचा रथ आश्रमाजवळच्या एका झोपडीपुढे उतरला. झोपडी एका लाकूडतोड्याची. तो यज्ञाच्या समिधा फोडायला गेलेला. त्याची बायको मधुका दोन दिवस अडलेली. आर्द्रा तिच्यापाशी बसली होती. शेजारी आर्द्रेची आई वेहा पाणी तापवत होती. मुलीला सुईणपण शिकवले ते हिनेच.

"देवांना बरं नाही," नासत्य दारातून म्हणाला.

"हिलाही बरं नाही," आर्द्रेने मान वर न करता म्हटले. "बाळ आडवं आहे. आता कुठं वळायला लागलंय. हात काढला तर थांबेल."

"दिवस मावळायच्या आत आम्ही तुला इथे आणून सोडू."

"खूप आधी," दस्राने जोडले. एकाने वाक्य टाकले की दुसरा ते शिवून घेई.

"नक्की?"

"भगिनी, तू आम्हांला बहिणीसारखी. भाऊ म्हणून शब्द देतो."

वेहा चुलीपुढून म्हणाली, "देवांना बहिणी कधीपासून लागायला लागल्या? दुखणं आलं म्हणून?"

"आई, गप."

"मी गप बसते. रथात जागा किती जणींना आहे ते तेवढं विचार."

जागा एकीलाच होती. मधुकेने आर्द्रेचे मनगट धरले. "ताई, जाऊ नको ग. तुझा हात हलला की आत सगळं गार होतं."

आर्द्रेने दारासमोरचा उंबर दाखवला. "ऊन त्या खालच्या फांदीला लागायच्या आत मी परत येते. तोवर आई आहे."

"माझे हात म्हातारे. गार आहेत," वेहा म्हणाली.

"चुलीवर शेकून घे. आणि सोडू नको हिला. काही झालं तरी हात उचलू नको."

शब्द दोघींनीही पाळायचा होता. एकीने पाळला. एकीला तो पाळू दिला नाही.

मंडपात आर्द्रा पोचली तेव्हा देव रांगेत उभे होते. रांगेत पहिला इंद्र. आर्द्रेने त्याच्या पोटावर हात ठेवला. शंभर श्वास गेले. मग मेघ गडगडावा तशी ढेकर आली, इंद्राचे डोळे स्वच्छ झाले, तो ताठ उभा राहिला, म्हणाला, "धन्य!", आणि सरळ हविर्भागाच्या पात्राकडे गेला. दुसरा वसू बरा झाला, तोही तिकडेच. तिसरा रुद्र, तोही. सातव्या देवाच्या पोटावर हात असताना आर्द्रेने मान वर केली, तर रांगेच्या शेवटी इंद्र पुन्हा उभा होता, ओठांना तूप लागलेले, पोट धरून.

"तू मघाशीच बरा झालास ना?"

"झालो होतो."

"मग?"

"भूक लागली."

आर्द्रेने हात काढून घेतला. ती म्हणाली, "देवांनो, तुमचं औषध मी नव्हे. एक दिवस उपाशी राहा. कोमट पाणी घोट घोट प्या. उद्या निम्मं पोट जेवा. पोट मी बरं करीन, पण जीभ तुमची आहे."

"उपवास!" इंद्र म्हणाला. "हे सुईणी, ज्याच्या नावाने त्रैलोक्यात पहिला घास टाकला जातो, त्या शतक्रतूला तू लंघन सांगतेस?"

"मी रोज सांगते. धनगर ऐकतात."

राजा भूरिहव्य पुढे आला. त्याने हात जोडले; त्याच्या आवाजात मात्र जोडलेले काही नव्हते. "देवांनी एक दिवस हविर्भाग घेतला नाही, तर धार तुटेल. बारा वर्षे वाया जातील. ते होणे नाही. तू इथेच राहा. दोन महिने. अहोरात्र."

"मी आत्ता निघाले. एक बाई अडली आहे."

"कोण बाई?"

"मधुका. तुझ्या समिधा फोडतो त्याची बायको."

राजाने खांदे उडवले. "समिधा फोडणारे अकरा आहेत."

इथे यज्ञाचा मुख्य कर्ता अध्वर्यू उग्रायण बोलला. त्याचा आवाज मऊ होता, आणि सतराही ऋत्विजांत त्याच्याइतका नियम जाणणारा कोणी नव्हता. "महाराज, वाद कशाला? देवांना ही बाई नको आहे. तिचे हात हवे आहेत. हातांत ऊब आहे ती अग्नीची. म्हणजे हात मुळात अग्नीचे. अग्नीचे ते अग्नीला देणे यालाच यज्ञ म्हणतात. हातांची दहा बोटे, बोटांची पेरे; एकेक पेर सैंधवाबरोबर वाटून जेवणाआधी चाटवले, तर दोन महिने सहज निभतील. वैद्यांना विचारा."

नासत्याने दस्राकडे पाहिले. दस्र म्हणाला, "गुण येईल." मग, जरा थांबून, "चांगला येईल."

आर्द्रा मंडपाच्या दाराकडे वळली. दार राजाच्या माणसांनी धरलेले होते.

आता नियमाविषयी, कारण यापुढे जे झाले ते सारे नियमाने झाले. यज्ञात बळी देण्याचे काम शमिता करतो. शमिता म्हणजे शांत करणारा; मारणे हा शब्द मंडपात उच्चारायचा नसतो. तो आपले काम करीत असताना बाकी सगळ्यांनी पाठ फिरवून उभे राहायचे असते, म्हणजे कोणी पाहिले असे होत नाही. आणि त्याआधी बळीसाठी चौघांची संमती विचारायची: आईची, बापाची, भावाची, मित्राची. चार होकार आले, की ती हत्या नव्हे.

शमिता हा वयस्क, कमी बोलणारा माणूस. त्याने सुरी कुश गवतावर ठेवली आणि उग्रायणाला म्हटले, "बकऱ्याची आई होकार देत नाही, तिच्या वतीने तुम्हीच म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण ही बाई आहे. हिची माणसं आहेत. मला चार होकार माझ्या कानांनी ऐकू आले पाहिजेत. तीन आले, तर मी घरी जाईन."

"रास्त आहे," उग्रायण म्हणाला. "सर्वांनी पाठ फिरवावी."

सतरा ऋत्विजांनी पाठ फिरवली. राजाने फिरवली. तेहतीस देवांनी, कोणी कण्हत, कोणी पोट सावरत, पाठ फिरवली. आर्द्रेला यज्ञस्तंभाला बांधले होते ते मुंज गवताच्या मऊ दोरीने, काचू नये म्हणून.

"अनुमती देवो हिची माता," उग्रायणाने विचारले.

वेहा तीन कोसांवर, मधुकेच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"मातेचे शेवटी पाहू. अनुमती देवो हिचा पिता."

पिता मंडपात होता. कौष्ठायन मुनीला सदस्य म्हणून आमंत्रण होते. आयुष्यभर त्याला एकाच गोष्टीची आस होती, की आकाशात सात ऋषींच्या शेजारी आठवे आसन मांडले जावे. पाठ फिरवताना इंद्र त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोललेला दोघांनी पाहिला होता.

"बाबा," आर्द्रा म्हणाली. "तुमच्या अग्निहोत्राचा निखारा मी याच हातांत धरला होता."

मुनीने जपमाळेचा एक मणी ओढला. मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कन्या हे परक्याचे धन. देतो."

"अनुमती देवो हिचा भ्राता."

भाऊ तिला नव्हता. सकाळपर्यंत नव्हता. नासत्य पुटपुटला, "शब्द तर परत पोचवण्याचा..." आणि दस्राने वाक्य शिवले, "...आणि तो आम्ही पाळूच. हात घेऊन मग पोचवू. देतो."

"अनुमती देवो हिचा सखा."

सखा कुंडात होता. तुपाने सुस्तावलेली ज्वाळा आधी हलली नाही. मग डावीकडे झुकली.

"अग्नीने मान हलवली," उग्रायण म्हणाला.

शमित्याने बोटे दुमडली. "तीन."

तुपाची धार तेवढी पडत होती. उग्रायणाने दुसऱ्यांदा विचारले, "अनुमती देवो हिची माता." शमिता सुरी उचलून कमरेला खोवू लागला. आर्द्रेने श्वास सोडला. ऊन अजून उंबराच्या वरच्या फांदीवर असेल असा हिशेब तिने त्या क्षणी केला, असे तिने नंतर आईला सांगितले.

तेव्हा एक आवाज आला. बाईचा. शांत, स्पष्ट.

"मी हिची आई. देते."

शमिता नियमाचा माणूस. त्याने सुरी काढली.

पुढचे वर्णन अलंकार घालून करण्याजोगे नाही. हाडाला सुरी अडली, तेव्हा दुसरी मागवावी लागली. आर्द्रा ओरडली, आणि ऋत्विजांनी सामगान वरच्या पट्टीत नेले. तिने देवाचे नाव घेतले नाही. "मधुका, मधुका," एवढेच ती म्हणत होती. हात पडले तेव्हाही गरम होते. दस्राने बोटे पेरापेरांवर तोडली, साल बांबूच्या कामटीने खरवडली, सैंधवाबरोबर पाट्यावर वाटली आणि प्रत्येक देवाच्या जिभेवर बोटभर चाटण ठेवले. गुण आला. चांगला आला. तेहतीस ढेकरा आल्या, आणि तेहतीस देव जेवायला बसले.

उन्हाची तिरीप उंबराच्या खालच्या फांदीला लागून गेली, त्यानंतर वेहा मंडपाच्या दारात आली. रक्ताने आणि पाण्याने भिजलेली, पदरात तान्हे मूल. तिला दाराशी कोणी अडवले नाही. अडवणारे जेवत होते.

तिने स्तंभाशी टेकलेली मुलगी पाहिली. आधी तिने मूल नीट खाली ठेवले.

"मधुका?" आर्द्रेने विचारले.

"गेली. पोरगी आली, ती गेली. मी हात उचलला नव्हता ग. पण माझे गार."

आर्द्रेने डोळे मिटले. वेहा तिच्या मनगटांना पदर गुंडाळत म्हणाली, "कोणी केलं?"

"मी," शमिता म्हणाला. तो एकटाच उभा होता, बाकी सगळे बसलेले. "मी कापले. नाही म्हणत नाही. चार होकार ऐकले."

"कोणाकोणाचे?"

"हिच्या बापाचा."

वेहाने नवऱ्याकडे पाहिले. कौष्ठायन जपमाळ ओढत राहिला. "मुलीचं लग्न, कन्यादान तुम्ही टाळत आलात, तप मोडेल म्हणून," ती म्हणाली. "आज बरं केलंत."

"भावाचा."

"हिला भाऊ नाही."

"आम्ही," अश्विनीकुमार एकदम म्हणाले; या खेपेला वाक्य शिवायला काही उरले नव्हते.

"अग्नीचा."

वेहा कुंडापुढे जाऊन उभी राहिली. "काय रे? हिने तुला जाळ सोसून जगवला."

ज्वाळा खाली बसली. आतून आवाज आला, "मी काही बोललो नाही. वारा होता."

"मग 'वारा आहे' असं का नाही म्हणालास?"

अग्नीने तुपाचा पुढचा घोट घेतला.

"हे झाले तीन," वेहा म्हणाली. "चौथा?"

शमिता गोंधळला. त्याने तिच्याकडे नीट पाहिले, मग सगळ्या मंडपाकडे. "चौथा आईचा. तुमचा."

"मी इथे नव्हते."

"मी ऐकला. बाईचा आवाज होता. 'मी हिची आई, देते.'"

"आई मी. मी मधुकेच्या पोटावर हात ठेवून होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि ते तीन कोसांवरून तुम्हांला ऐकू आलं असतं." ती सतराही ऋत्विजांसमोरून एकेक करत गेली. "कोण बोललं?"

"आमची पाठ होती," पहिला म्हणाला.

"पाठ होती," दुसरा म्हणाला.

सतराव्यानेही तेच म्हटले. राजा म्हणाला, "पाठ फिरवणे हा नियम आहे." इंद्र तोंडातला घास गिळून म्हणाला, "वृद्धे, मातृवचन आले आणि यज्ञ यथासांग झाला. कोणाच्या मुखातून आले, याची चिकित्सा श्रुती करीत नाही."

तेव्हा आर्द्रा बोलली. तिच्या अंगात रक्त थोडे उरले होते, पण आवाज मंडपाच्या टोकाला ऐकू गेला.

"देवांनो, तुम्ही माझे हात खाल्लेत. खा. जे उरलेले तुकडे या ओल्या मातीत पडलेत ते उगवतील, आणि त्यांना हाताचाच आकार राहील, म्हणजे खाताना तुम्हांला विसरता येणार नाही. राजा, तुला यज्ञाचं फळ हवं होतं. माझ्या झाडाला फळ धरणार नाही, बी धरणार नाही. ज्याला मी हवी, त्याने दर वर्षी माझं बोट मोडून स्वतःच्या हाताने मातीत पुरावं, आणि पुरताना पाठ फिरवू नये. लोखंडाची सुरी मला लावलीत तर मी काळी पडेन. हा शरद आहे. या ऋतूत, उन्हाळ्याच्या कडाक्यात, आणि ज्याच्या अंगातून रक्त वाहतं आहे त्याला, मी पथ्य नाही. त्याला मी जाळीन."

ती बोलत होती तोवर इंद्राने दुसरे चाटण घेतले होते. तो आश्विन महिना होता. त्याच्या घशापासून नाभीपर्यंत आग उतरली आणि नाकातून रक्ताची धार लागली. मंडपात प्रथमच कोणीतरी खाणे थांबवले. त्याच्या हातातून सुटलेले पान धरणारा कोणी नव्हता. तूप ओतणारा ऋत्विज घाबरून उठला, आणि बारा वर्षांची धार तुटली.

"आणि बाळंतीण?" वेहाने हळूच विचारले. तिच्या मांडीवर मुलीचे डोके होते. "आता पावसात अडेल तिने काय करायचं?"

"तिला मी आहे," आर्द्रा म्हणाली. "ओली असेन, वाळलेली असेन, तिला मी आहे. खोकल्याला आहे, गुडघ्यांना आहे, पोटाला आहे. ज्यांनी माझे हात मागितले आणि परत जाऊ दिले, त्या सगळ्यांना. आणि आई, यांच्यापैकीही कोणीतरी केव्हातरी बाईच्याच पोटी जन्माला येईल. तेव्हा त्याच्या पाळण्यापुढे आधी माझा तुकडा वाटला जाईल. मगच त्याला देव म्हणतील."

ती तिथेच गेली. वेहाने मधुकेची मुलगी उचलली आणि तिला वाढवले. कौष्ठायनाचे आसन आकाशात कोणी मांडले नाही. सात ऋषी आजही सातच दिसतात. भूरिहव्याच्या मुलाला राज्य मिळाले नाही.

पुढच्या पावसाळ्यात मंडपाच्या जागी बांबूसारख्या पानांची हिरवी रोपे उगवली. खणून पाहिले तर खाली हात होते: फुगीर तळवा, वाकडी बोटे, पातळ साल, आणि मोडले की तोंडावर येणारी ऊब. लोक त्याला आर्द्रक म्हणू लागले, पुढे नुसते 'आले' म्हणू लागले. वाळवले की सुंठ. तिने सांगितले तसेच सगळे झाले. आल्याला बी धरत नाही. शेतकरी दर वर्षी कंदाची बोटे मोडून बेणे करतो आणि तोंड समोर ठेवून लावतो. साल खरवडतात ती बांबूच्या कामटीने. जेवणाआधी आल्याचा काप सैंधव लावून खाल्ला, की भूक उघडते. खोकल्याला आल्याचा रस मधातून देतात, आमवाताला सुंठीचा काढा, आणि बाळंतिणीला सुंठीचा लाडू सगळ्यांच्या आधी. अंगात दाह असेल, रक्त पडत असेल, तर जाणता वैद्य हात आखडता घेतो. चैत्रात नवमीला आणि श्रावणात अष्टमीला पाळणा हलतो, तेव्हा देवाच्या नावाने हातावर पडतो तो सुंठवडा.

हातांचे हे झाले. होकाराचे राहिले.

शमित्याने त्याच दिवशी सुरी कृष्णेत टाकली, आणि मरेपर्यंत ज्याला त्याला सांगितले, की आवाज आला तो मंडपाच्या पश्चिमेकडून. मंडपाच्या पश्चिमेला पत्नीशाळा असते. यजमानाच्या पत्नीने तिथे चटईच्या पडद्याआड, कमरेला मुंजाची दोरी बांधून, यज्ञ संपेपर्यंत बसून राहायचे असते. आणि तिने पाठ फिरवावी असा नियम नाही. तेहतीस देवांत देवी एकही नव्हती. त्या प्रहरी मंडपात बायका दोनच होत्या. एक स्तंभाला बांधलेली होती.

वेहाने पडदा उचलला तेव्हा आत कोणी नव्हते. मुंजाची दोरी सोडून जमिनीवर टाकलेली होती. गाठ कापलेली नव्हती, सावकाश उकललेली होती. राणी सुमेखला त्यानंतर चाळीस वर्षे जगली. तिला हे कोणी विचारले नाही.

"मी हिची आई" असे म्हणणारी कोण, याचे उत्तर अजून आलेले नाही.